उत्क्रांतीचा लघुपट आणि आमची मुले

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या लक्षावधी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील चौथी प्रतिज्ञा देवाच्या अवताराची कल्पना नाकारते आणि पाचवी प्रतिज्ञा बुद्धाला विष्णूचा अवतार ठरविणाऱ्या प्रचाराचा धिक्कार करते. प्रत्येक धम्मसमारंभात आम्ही या प्रतिज्ञा उभे राहून, मोठ्या आवाजात म्हणतो. परंतु अल्फारेटासारख्या अमेरिकन उपनगरात वाढणारी आमचीच मुले, आमच्याच घरांतील पडद्यावर जी कार्टून पाहतात, त्यांतून या दोन्ही प्रतिज्ञांचा राजरोस भंग होत असतो. आणि तो धर्माच्या नावाने होत नसून विज्ञानाच्या नावाने होत असतो, ही गोष्ट आमच्या समाजाच्या ध्यानात अद्याप पुरेशी आलेली नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने तिकडे समाजबांधवांचे लक्ष वेधणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

या कार्टूनांचा साचा ठरलेला आहे. प्रथम पाण्यात मासा दिसतो, मग कासव, मग वराह, मग अर्धा सिंह व अर्धा माणूस, मग बुटका बटू, मग परशुधारी ब्राह्मण, मग धनुर्धारी राम, मग कृष्ण, आणि नवव्या स्थानी डोळे मिटून बसलेला बुद्ध. पाठीमागून भारदस्त आवाजात सांगितले जाते की, डार्विनने १८५९ साली जे सांगितले ते आमच्या ऋषिमुनींना हजारो वर्षांपूर्वीच अवगत होते. ‘दशावतार’ याच नावाचा पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट भारतात २००८ साली निघाला, आणि या विषयावरच्या लहानसहान चित्रफितींची तर गणतीच नाही. आठ-दहा वर्षांचे मूल प्रतिज्ञा पाठ म्हणते, पण लक्षात ठेवते ते चित्र. त्याच्या मनावर दोन गोष्टी एकाच वेळी कोरल्या जातात. पहिली, पुराण हेच विज्ञान होय. आणि दुसरी, तथागत हा विष्णूच्या यादीतील एक क्रमांक होय.

सोमवार ते शुक्रवार इथल्या शाळेत जीवशास्त्राच्या तासाला हेच मूल नैसर्गिक निवड शिकते आणि रविवारी कुणा परिचिताच्या घरी, कुठल्यातरी संस्कारवर्गात दशावताराची फीत पाहून येते. दोन्हींना ‘उत्क्रांती’ हेच नाव दिले गेल्यामुळे त्याला त्यांत विरोध दिसत नाही. आम्हां पालकांनाही तो दिसत नसेल, तर मुलांना दोष देण्यात अर्थ नाही.

दशावतार म्हणजे उत्क्रांती नव्हे

दशावतारात उत्क्रांती पाहण्याची कल्पना प्राचीन नाही. डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाल्यानंतर अठरा वर्षांनी, म्हणजे १८७७ साली, थिऑसॉफिकल सोसायटीच्या हेलेना ब्लाव्हाट्स्की यांनी आपल्या ‘आयसिस अनव्हेल्ड’ या ग्रंथात अवतारांची सांगड डार्विनच्या मताशी घातली. त्यापूर्वी शतकानुशतके दशावतारांची कीर्तने झाली, पूजा झाल्या, कोकणात रात्र-रात्र दशावतारी खेळ झाले. परंतु त्यांतून जीवशास्त्राचा एकही सिद्धान्त निघाला नाही. पाश्चात्त्याने शोध लावावा आणि मग आपण पोथी उघडून तो तिच्यात आधीपासूनच असल्याचे सांगावे, असा हा प्रकार आहे. जानेवारी २०१९ मध्ये जालंधर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या व्यासपीठावरून आंध्र विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंनी दशावताराचा सिद्धान्त डार्विनपेक्षा सरस असल्याचे प्रतिपादन केले, तेव्हा हा प्रकार कुठवर पोचला आहे ते जगाने पाहिले.

या मंडळींकडून जे. बी. एस. हाल्डेन या थोर जीवशास्त्रज्ञाचे नाव नेहमी पुढे केले जाते. हाल्डेन यांच्याविषयी आम्हांला आदर आहे. परंतु कुणी मोठा माणूस म्हणाला म्हणून मानावे, ही शिकवण कालामांना उपदेश करणाऱ्या बुद्धाची नाही. तेव्हा दाव्याचीच परीक्षा करू. माशानंतर कासव आणि कासवानंतर वराह एवढ्यावरून ज्यांना साम्य वाटते, त्यांनी वराहानंतरच्या नरसिंहाचे काय करायचे ते सांगावे. अर्धा सिंह आणि अर्धा माणूस असा प्राणी कोणत्याही खडकात, कोणत्याही थरात सापडलेला नाही. वामनापासून परशुराम, परशुरामापासून राम आणि रामापासून कृष्ण यांत शरीररचनेचा कोणता बदल झाला? आणि कृष्णापासून बुद्धापर्यंत कोणता झाला?

याहून मूलभूत भेद कारणाचा आहे. अवतार येतो तो देवाच्या इच्छेने, दुष्टांचे निर्दालन करण्यासाठी, ठरवून येतो. उत्क्रांतीत ठरविणारा कुणीच नसतो. एकाच जातीच्या जीवांत जन्मतःच लहानसहान फरक असतात. त्यांतील जे फरक त्या परिस्थितीत जगण्यास आणि प्रजोत्पादनास उपयोगी पडतात ते पुढच्या पिढीत अधिक प्रमाणात उतरतात. आणि हजारो-लाखो पिढ्यांनंतर जुन्या जीवापासून नवा जीव घडलेला दिसतो. यात देव नाही, त्याची इच्छा नाही, त्याचे अवतरणही नाही. ज्या सिद्धान्ताने अवताराची गरजच संपविली, त्याच सिद्धान्ताची शाल अवतारांच्या खांद्यावर घालण्याचा हा खटाटोप आहे.

आणि पुराणांतील बुद्धावताराचे प्रयोजन काय सांगितले आहे, हे या कार्टूनांचे निर्माते मुलांना सांगत नाहीत. असुरांना वेदमार्गापासून ढळविण्यासाठी, त्यांना मोहात पाडून त्यांचा नाश सुकर करण्यासाठी विष्णूने हे रूप घेतले, अशी ती कथा आहे. म्हणजे तथागताचा धम्म ही एक फसवणूक आणि तो ऐकणारे आमचे पूर्वज असुर! आमच्या मुलांनी या नवव्या चित्रासमोर टाळ्या वाजवायच्या काय?

क्रांतिबा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा डार्विनचा मानवाच्या वंशावळीवरचा ग्रंथ येऊन अवघी दोन वर्षे झाली होती. फुल्यांनी मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम असे एकेक अवतार घेतले आणि त्यांची रोखठोक उलटतपासणी केली. माशाच्या पोटी माणूस कसा जन्मेल, ब्रह्म्याच्या मुखातून, बाहूंतून, मांड्यांतून माणसे कशी जन्मली असतील, असे शेतकऱ्याच्या व्यवहारज्ञानातून आलेले प्रश्न त्यांनी विचारले. पुराणकथेला निसर्गाच्या नियमाने तपासण्याची ही मराठीतील आमची परंपरा आहे. तिचे वारस म्हणविणाऱ्यांच्या घरात मत्स्यावतार विज्ञान म्हणून शिकविला जावा, हा दैवदुर्विलास म्हणता येणार नाही, कारण दैव आम्ही मानत नाही. ही आमची बेफिकिरी आहे.

खऱ्या लघुपटात काय दिसते

मग उत्क्रांतीवर खरे ॲनिमेशनपट नाहीत काय? आहेत, आणि चांगले आहेत. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी मायकेल मिल्स यांनी १९७१ साली काढलेला ‘इव्होल्यूशन’ हा विनोदी लघुपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला होता. १९८० साली अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवरून कार्ल सेगन यांची ‘कॉसमॉस’ ही मालिका प्रसारित झाली. तिच्या दुसऱ्या भागात रेषांनी काढलेले एक छोटे चलच्चित्र आहे. एक आकृती न थांबता बदलत जाते: पेशी, मासा, पाण्यातून जमिनीवर आलेला जीव, सरपटणारा प्राणी, सस्तन प्राणी, वानर आणि शेवटी माणूस. सुमारे चारशे कोटी वर्षांची ही वाटचाल शेवटी चाळीस सेकंदांत पुन्हा दाखविली आहे. आम्ही ज्याची शिफारस करतो तो हा चित्रखंड.

या चाळीस सेकंदांचा हिशेब मुलांसोबत बसून करण्यासारखा आहे. चारशे कोटी वर्षे चाळीस सेकंदांत बसवली, तर एका सेकंदात दहा कोटी वर्षे जातात. चित्रपटाच्या पट्टीवर सेकंदाला २४ चित्रे धरली, तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे ४२ लाख वर्षे येतात. आपली मानवजात, म्हणजे आजच्या स्वरूपातील माणूस, साधारण तीन लाख वर्षांची. म्हणजे सारी मानवजात एका चित्राच्या चौदाव्या हिश्श्यात आटोपते. आणि ऋग्वेदापासून आजपर्यंतची जेमतेम साडेतीन हजार वर्षे? ती एका चित्राच्या हजाराव्या भागातही भरत नाहीत. ज्या व्यवस्थेला ‘सनातन’ म्हणून आमच्या डोक्यावर बसविले गेले, तिचे वय हे एवढे आहे.

उत्क्रांतीच्या प्रश्नाशी आम्हां आंबेडकरवाद्यांचा संबंध इथे येतो. अमेरिकेत हा वाद बायबलमधील सहा दिवसांची निर्मिती विरुद्ध डार्विन असा आहे. आमच्यापुढील निर्मितीकथा वेगळी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात ब्राह्मण हा पुरुषाचे मुख, क्षत्रिय बाहू, वैश्य मांड्या, आणि शूद्र पायांपासून जन्मला, असे सांगितले आहे. अस्पृश्याला तर त्या देहात जागाच नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात पहिल्याच प्रकरणात या सूक्ताला हात घातला, तो उगाच नव्हे. जगाच्या निर्मितीतच समाजाची उतरंड घालून ठेवणारी आणि त्या उतरंडीला पावित्र्य देणारी ही रचना आहे, हे त्यांनी ओळखले होते. जन्म हाच जर विषमतेचा पुरावा असेल, तर जन्माचे खरे शास्त्र हा त्या विषमतेविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा ठरतो. सर्व सजीवांचा आनुवंशिक मजकूर एकाच रासायनिक लिपीत लिहिलेला आहे. मुखातून आलेल्यांची लिपी वेगळी आणि पायातून आलेल्यांची वेगळी, असे नाही.

तथागतांनीही हा प्रश्न जन्माच्याच आधारे सोडविला होता. दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले या दाव्याला त्यांनी साधे उत्तर दिले: ब्राह्मणांच्या स्त्रियाही ऋतुमती होतात, गर्भ धारण करतात, बाळंत होतात. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात गवत, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, मासे, पक्षी यांच्या जाती त्यांच्या शरीराच्या खुणांवरून वेगळ्या ओळखता येतात, माणसांत मात्र तशा वेगळ्या खुणा नाहीत, असे सांगितले आहे. माणसांची जात एकच, हे त्या सुत्ताचे सार.

या चित्राचे भय कोणाला?

आम्ही राहतो त्या जॉर्जिया राज्याला या विषयाचा इतिहास आहे. अल्फारेटा ज्या फुल्टन काउंटीत आहे तिच्या शेजारच्या कॉब काउंटीच्या शाळा मंडळाने २००२ साली जीवशास्त्राच्या हजारो पाठ्यपुस्तकांवर एक पट्टी चिकटविली. उत्क्रांती हा केवळ एक सिद्धान्त आहे, ती वस्तुस्थिती नव्हे, अशी सूचना तिच्यावर होती. काही पालक न्यायालयात गेले आणि १३ जानेवारी २००५ रोजी संघ न्यायालयाचे न्यायाधीश क्लॅरन्स कूपर यांनी ती पट्टी राज्यघटनेशी विसंगत ठरविली. वरिष्ठ न्यायालयाने २००६ साली तो निर्णय फेरविचारासाठी परत पाठविला. परंतु त्याच वर्षाअखेर तडजोड झाली आणि अशा पट्ट्या पुन्हा लावणार नाही हे मंडळाला मान्य करावे लागले. त्यापूर्वी, २००४ साली, राज्याच्या शिक्षणप्रमुख कॅथी कॉक्स यांनी अभ्यासक्रमातून ‘उत्क्रांती’ हा शब्दच वगळून त्याऐवजी ‘काळानुसार होणारे जैविक बदल’ असे शब्द घालण्याचे सुचविले होते. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्यासह अनेकांनी टीका केल्यावर त्यांनी तो प्रस्ताव मागे घेतला. चित्रपटही या भयातून सुटला नाही. डिस्नेच्या ‘फॅन्टेशिया’त (१९४०) स्ट्राविन्स्कीच्या संगीतावर पृथ्वीवरील जीवनाची कथा रंगविली आहे, पण ती डायनोसॉरांच्या अंताशीच थांबते. ती माणसापर्यंत नेण्याचा मूळ विचार सोडून देण्यात आला, आणि धर्ममार्तंडांचा रोष नको, हे त्याचे कारण सांगितले जाते.

मायदेशात काय स्थिती आहे? जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कुठे सांगितलेले नाही, असे विधान केले. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींना संयुक्त पत्रक काढून त्याचा प्रतिवाद करावा लागला. ज्या नगरीत बाबासाहेबांनी १९५० साली महाविद्यालय उभारले आणि पुढे त्याला भिक्खू नागसेनास प्रश्नांमागून प्रश्न विचारणाऱ्या राजा मिलिंदाचे नाव दिले, त्याच नगरीत हे घडावे!

पुढे, कोरोनाकाळात विद्यार्थ्यांवरील भार कमी करण्याचे कारण देऊन राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांतीचा भाग वगळला. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि नागरिकांनी त्याविरुद्ध सह्या केल्या. प्रकरणाचे नाव ‘आनुवंशिकता’ एवढेच उरले. यातील मर्म आमच्या वाचकांनी पाहावे. जन्माने आईबापांकडून काय मिळते ते शिकवायचे. मात्र सर्वांच्या जन्माचे मूळ एक आहे, हे शिकवायचे नाही. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाने २०१८ साली आणलेल्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे प्रकरण पहिलेच होते, हे इथे मुद्दाम नमूद करतो. फुल्यांच्या महाराष्ट्राकडून अपेक्षा आहे ती हीच.

शिडीचे चित्र

तथापि उत्क्रांतीवरचे प्रत्येक चित्र आम्ही डोळे झाकून स्वीकारावे, असे आमचे म्हणणे नाही. सर्वांच्या परिचयाचे एक चित्र आहे: डावीकडे वाकलेले माकड, मग थोडे ताठ, मग आणखी ताठ, आणि उजवीकडे सर्वांत पुढे ताठ चालणारा पुरुष. रुडॉल्फ झॅलिंगर यांनी १९६५ साली ‘अर्ली मॅन’ या पुस्तकासाठी काढलेल्या चित्रावरून ही नक्कल जगभर पसरली. ‘कॉसमॉस’मधील चित्रखंडही एकच फांदी दाखवितो आणि ती माणसाशी संपते, ही त्याची मर्यादा आहे. मात्र त्याच भागात सेगन ओकच्या झाडाजवळ उभे राहून ते झाड आणि आपण एकाच पूर्वजाची संतती आहोत हे समजावून सांगतात. मुलांना चित्रखंड दाखविताना हा भागही दाखवावा.

याचे कारण असे की शिडीचे चित्र पाहणाऱ्याला वाटते, कुणीतरी वरच्या पायरीवर आहे आणि कुणीतरी खालच्या. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे वर्णन चढत्या श्रेणीचा आदर आणि उतरत्या श्रेणीचा तिरस्कार असे केले. शिडीचे चित्र त्याच मानसिकतेला शास्त्राचा आधार देते. डार्विनने १८३७ साली आपल्या वहीत जी आकृती काढली, ती शिडीची नव्हती, फांद्या फुटलेल्या झाडाची होती. त्या झाडावर माणूस, माकड, मासा आणि जिवाणू हे सारे आज एकाच वेळी जिवंत असलेल्या फांद्यांची टोके आहेत. आजचे माकड हा आपला पूर्वज नव्हे, तो आपला चुलत भाऊ आहे.

शिडीने काय अनर्थ केला ते पाहण्यास फार दूर जावयास नको. अल्फारेटाच्या उत्तरेस लागून असलेल्या फॉरसाइथ काउंटीतून १९१२ साली बहुतेक साऱ्या कृष्णवर्णीय रहिवाशांना, हजारांहून अधिक माणसांना, दहशतीने हाकलून देण्यात आले. याच जॉर्जिया राज्याने १९३७ साली तथाकथित हीन वंशबीज रोखण्यासाठी सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला आणि तीन हजारांहून अधिक लोकांवर त्याचा प्रयोग झाला. वंशशुद्धीचे हेच तथाकथित शास्त्र त्या काळी भारतात जातीच्या समर्थनार्थ वापरले जात होते. त्याला सडेतोड उत्तर दिले ते बाबासाहेबांनी, १९३६ साली, ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या भाषणात. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार हे वंशाने एकच असून, पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण हे वेगळे आहेत; तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे, असे त्यांनी दाखवून दिले. जातीमुळे वंश सुधारतो या दाव्यालाही त्यांनी तिथेच मूठमाती दिली.

आणखी वीस वर्षे मागे जाऊ. ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात, पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी वाचलेल्या निबंधाचे प्रतिपादन असे होते की, मुळात एकजिनसी असलेल्या समाजावर जातिअंतर्गत विवाहाचे बंधन लादले गेले आणि त्यातून जाती निर्माण झाल्या. २०१३ साली हैदराबादच्या पेशी आणि रेणुजीवशास्त्र केंद्रातील आणि हार्वर्डमधील संशोधकांनी भारतीय समूहांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात उपखंडातील भिन्न समूह मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळले होते, आणि त्यानंतर ही सरमिसळ थांबून समूहांतर्गत विवाह रूढ झाले, असा त्याचा निष्कर्ष आहे. आधी मिसळण आणि मग बंदी. ज्या गोष्टीला ईश्वरनिर्मित म्हटले गेले तिला आरंभ आहे, आणि ज्याला आरंभ आहे त्याला अंतही करता येतो.

आपल्या माणसांना दोन शब्द

दुसऱ्यांवर टीका करताना आम्ही आपल्या माणसांनाही सावध करू इच्छितो. आमच्यातीलही काही उत्साही वक्ते पटिच्चसमुप्पाद म्हणजेच डार्विनचा सिद्धान्त, असे व्यासपीठावरून सांगतात. जातककथांत बोधिसत्त्व हरीण, वानर, हत्ती अशा जन्मांतून जातो म्हणून तीही उत्क्रांतीच, असेही कुणी म्हणतात. भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत काढलेल्या आरंभीच्या ॲनिमेशनपटांपैकी ‘द बनियन डिअर’ (१९५७) हा जातककथेवरच आधारलेला आहे. तो मुलांना करुणा शिकविण्यासाठी जरूर दाखवावा, जीवशास्त्र शिकविण्यासाठी नव्हे. विष्णूच्या माशाला जे लागू, तेच बोधिसत्त्वाच्या हरणालाही लागू.

यावर, जगाच्या आदिअंताविषयी बुद्ध मौन राहिले, मग आम्हांला उत्क्रांतीची काय आवश्यकता, असा प्रश्न विचारला जातो. बुद्ध मौन राहिले ते ज्याची परीक्षा होऊ शकत नाही आणि ज्याने दुःख कमी होत नाही अशा प्रश्नांवर. उत्क्रांतीची परीक्षा खडकांत, प्रयोगशाळेत आणि पेशींत होते. बाबासाहेबांनी तर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात ईश्वरविषयक श्रद्धा ही धम्म नव्हे, हे सांगताना जग निर्माण केलेले नसून उत्क्रांत झालेले आहे, ही भूमिका स्पष्टपणे मांडली. तेव्हा आमच्या मुलांना हे शिकविणे, हा धम्माबाहेरचा विषय नाही.

काय करावे

मराठी माणसाने काढलेल्या पहिल्या चित्रपटांपैकी एक देवाधर्माचा नव्हता, याची आठवण या ठिकाणी करून द्यावीशी वाटते. १९१२ साली लंडनहून परतल्यावर दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याचा दाणा कुंडीत लावून त्याच्या वाढीची चित्रे ठरावीक अंतराने, एकेक करून घेतली, आणि ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला. एकेक चित्र घेऊन गतीचा आभास निर्माण करण्याची ही रीत ॲनिमेशनचीच. १९१५ साली त्यांनी काड्यापेटीतील काड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ही काढली. ज्या वाटाण्यावर मेंडेलने आनुवंशिकतेचे नियम शोधले, तोच वाटाणा मराठी पडद्यावर पहिल्याप्रथम उगवला. परंतु तो अंकुर दाखवून जे भांडवल उभे राहिले, ते लागले ‘राजा हरिश्चंद्रा’वर. ३ मे १९१३ रोजी तो प्रदर्शित झाला आणि भारतीय चित्रपट पुराणांच्या मार्गाने निघाला. राजाला डोंबाघरी पाणी भरावे लागले, हा त्या कथेतील दुःखाचा कळस मानला जातो. पिढ्यान्‌पिढ्या स्मशानात राबणाऱ्या त्या डोंबाच्या दुःखाचे चित्र कुणी काढले?

ते चित्र आणि अंकुराचे अपुरे राहिलेले चित्र, ही दोन्ही आता आम्हांलाच काढावी लागतील. उत्क्रांतीवरचा दहा मिनिटांचा मराठी ॲनिमेशनपट आमच्या संघटनेने स्वतः तयार करावा, असा आमचा प्रस्ताव आहे. दहा मिनिटांना १४,४०० चित्रे लागतात. एकेक चित्र दोनदा वापरले तर ७,२००. पूर्वी हे मोठ्या चित्रनिर्मिती संस्थांनाच शक्य होते. आज आमच्याच घरांत संगणकावर काम करणारे तरुण-तरुणी आहेत आणि हे काम वाटून घेणे अशक्य नाही. भाषा सोपी मराठी असावी आणि खाली इंग्रजी शब्द असावेत, म्हणजे इथे जन्मलेल्या मुलांना मराठीही कानावर पडेल. चित्र झाडाचे असावे. त्या झाडाच्या टोकावर कुणालाही बसवू नये. गोरा पुरुष नको, ब्राह्मण नको, आणि भक्तीच्या भरात आमच्या महापुरुषांनाही तिथे नेऊन बसवू नये. बाबासाहेबांनी उतरंड मोडली ती तिच्या शेंड्यावर जाण्यासाठी नव्हे.

तोवर हाती आहे ते करावे. १४ एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी मुलांसाठी राखून ठेवलेल्या तासात ‘कॉसमॉस’मधील तो चित्रखंड दाखवावा, सेकंदांचा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा आणि त्यानंतर पाचवी प्रतिज्ञा म्हणून घ्यावी, म्हणजे ती का म्हणायची ते त्यांना समजेल. अटलांटाच्या फर्नबँक संग्रहालयात अर्जेंटिनोसॉरस या महाकाय प्राण्याचा सांगाडा उभा केलेला आहे. मुलांना तिथे न्यावे. कुणाच्या घरी वा वर्गात दशावताराला उत्क्रांती म्हटले जात असेल, तर सौजन्याने पण ठामपणे आक्षेप नोंदवावा. संबंध बिघडतील या भीतीने गप्प बसणे हा परदेशातील आमच्या समाजाला जडलेला रोग आहे. कॉब काउंटीतील पट्टी निघाली ती काही पालक गप्प बसले नाहीत म्हणून.

बंधू-भगिनींनो, आमच्या आईबापांना गावाच्या वेशीबाहेर ठेवणाऱ्यांनी त्यांना सांगितले होते की तुमचा जन्मच तसा आहे. आमच्या मुलांना जन्म म्हणजे काय ते खरे कळू द्या. पुढच्या १४ एप्रिलला पडदा लावण्याची जबाबदारी कोण घेणार, एवढेच आता ठरवायचे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!